बुडत्याचा पाय खोलातच का जातो?

मालवणहून परतल्यावर आमच्या घरी व्हिडिओ दाखवण्याचा कार्यक्रम झाला. रविवारची सकाळ, कांदेपोहे आणि टीव्हीला जोडलेला मोबाइल. पडद्यावर निळंहिरवं पाणी, लगबगीने इकडून तिकडे जाणारे पट्ट्यापट्ट्यांचे मासे, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध मी. सरळ उभा. पाय खाली, मान ताठ, दोन्ही हात जोरजोरात हलवत कुणाला तरी काहीतरी पटवून देतोय. भाचा थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "मामा, कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून वाजलंय का?"

हसण्याचा भर ओसरल्यावर मी पुन्हा नीट पाहिलं. कार्टं खोटं बोलत नव्हतं. समुद्रात, पाच मीटर खोलीवर, मी बसच्या दांडीला धरून भांडणाऱ्या माणसासारखा उभा होतो. तेवढ्यात माझ्या मागून ही गेली. पोस्टाच्या पेटीत पाकीट सरकावं तशी, आडवी, सरळ, आवाज न करता. पोहे खाणाऱ्या मंडळींनी "वा, वहिनी!" म्हटलं. मला कुणी काही म्हटलं नाही.

तर आता व्हिडिओतल्या त्या तीन मिनिटांमागची हकिगत सांगणं भाग आहे.

मालवण-तारकर्लीला जाऊन "स्कूबा केलं" असं आपण सगळे सांगतो, त्यात आपण केलेलं असं फार थोडं असतं. पाठीला नळकांडं बांधतात, तोंडात नळी देतात आणि एक दणकट पोरगा मागून त्या नळकांड्याची मान धरतो. मांजरीने पिल्लाची मानगूट धरावी तशी. मग तो नेईल तिकडे जायचं, दाखवेल तो मासा बघायचा, कॅमेऱ्याकडे बोटं करायची आणि वर यायचं. आपण आडवे आहोत की उभे, जड आहोत की हलके, याची काळजी त्या पोराला. मीही दोन वर्षांपूर्वी असाच खाली जाऊन आलो आणि आपल्याला हे जमतं अशा गैरसमजात राहिलो. त्या गैरसमजातूनच यंदा बावन्नाव्या वर्षी रीतसर कोर्स करण्याची खाज सुटली. हीसुद्धा आली. "तुम्ही एकटे बुडाल," एवढंच कारण तिने दिलं.

कोर्सला आमचे गुरुजी होते चोवीस वर्षांचे. मालवणचेच. बापजादे रापण ओढणारे, त्यामुळे पाण्याशी बोलणं घरचं. पहिल्याच दिवशी त्यांनी 'ट्रिम' हा शब्द काढला. हा शब्द मला तोवर न्हाव्याच्या दुकानाबाहेर कधी भेटला नव्हता. पाण्यात शरीर ज्या कलाने राहतं त्याला ट्रिम म्हणतात आणि ती आडवी असावी लागते. छाती, पोट, मांड्या एका ओळीत, गुडघ्यांत पाय वर दुमडलेले, मान वर, हात पुढे घेऊन गप्प. बस्स. मी मनात म्हटलं, आडवं व्हायला पैसे भरायचे? एकतीस वर्षं दर रविवारी जेवल्यावर मी हे फुकट करत आलोय.

पण गादीवर आडवं होताना खाली गादी असते, हा बारकावा माझ्या ध्यानात आला नव्हता.

पहिला घोळ शिशापासून सुरू झाला. माणूस अंगावर रबरी सूट चढवतो. त्या रबरात हवेचे बारीक बुडबुडे असतात, त्यामुळे सूट घातलेला माणूस बुचासारखा तरंगतो. त्याला खाली न्यायला कमरेच्या पट्ट्यात शिशाचे ठोकळे ओवतात. किती ओवायचे हा खरा प्रश्न. गुरुजी म्हणाले सहा किलो. मी म्हटलं, आठ द्या. बोटीवर चढताना हळूच आणखी एक ठोकळा मागून घेतला, भाजीवालीकडे वर चार मिरच्या मागाव्यात तसा. मला भीती बुडण्याची नव्हती. सगळे खाली गेले आणि आपण एकटेच वर तरंगत राहिलो तर काय, ही भीती होती. आजवर जिथे जिथे काम अडलं तिथे वजन वापरूनच सुटलं, असा माझा अनुभव. फाइलीवर वजन ठेवलं की फाइल हलते, हे मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिलेलं आहे.

पाण्यात वजन ठेवलं की माणूस हलत नाही. दगडासारखा तळाला गेलो. मग तळावरून सुटायला जॅकेटात हवा भरली. या जॅकेटाला बीसीडी म्हणतात. बटण दाबलं की नळकांड्यातली हवा त्यात शिरते. आता गंमत बघा. शिसं कमरेला आणि हवा छाती-खांद्यांपाशी. खालचा भाग खाली ओढला जातोय, वरचा भाग वर. म्हणजे मला कुणी न सांगता उभं केलेलं आहे. उभा माणूस पाय मारणार ते खालच्या दिशेला. म्हणजे तो जाणार वर. वर गेलो की बाहेरचा दाब कमी, जॅकेटातली हवा फुगते, आणखी वर. घाबरून हवा सोडली की पुन्हा धप्प खाली. खाली गेलो की पुन्हा बटण. या लिफ्टमध्ये मी बावीस मिनिटं काढली. पुढे मात्र एक हातही सरकलो नाही. दोनशे बार भरून दिलेली हवा पन्नासवर आली तेव्हा गुरुजींनी काटा बघितला, मग माझ्याकडे बघितलं, मग हिचा काटा बघितला. तिच्याकडे एकशे वीस शिल्लक होती. संसारातसुद्धा शिल्लक तिच्याकडेच असते, तेव्हा मला नवल वाटलं नाही.

बोटीवर आल्यावर गुरुजींनी पट्टा हातात तोलून पाहिला. "काकानू, इतक्या शिसा कित्याक व्हया? समुद्राच्या तळाक घर बांधूचा हा काय?"

तेव्हा मला आमच्या गावची विहीर आठवली. ज्यांचं लहानपण गावात गेलं त्यांना ही विद्या ठाऊक असेल. पोहायला शिकवायचं म्हणजे पोराच्या पाठीला वाळका पांगाऱ्याचा ओंडका, नाहीतर झाळून बंद केलेला तेलाचा डबा बांधायचा आणि विहिरीत ढकलून द्यायचं. माझ्या पाठीला डबा होता. तो मी घाईघाईत कमरेला बांधून घेतला. उडी मारल्यावर जे झालं ते काठावरच्या सगळ्या गावाने पाहिलं. बूड वर, तोंड पाण्यात. थोरल्या काकांनी दोरीने ओढून वर घेतलं, एक टपली मारली आणि तोच डबा चार बोटं वर, पाठीच्या मध्यावर बांधला. डबा तोच, पोरगं तेच, विहीर तीच. दुसऱ्या उडीला मी सुसरीसारखा सपाट तरंगलो. काकांनी आर्किमिडीजचं नाव ऐकलेलं नव्हतं. पण वजन किती यापेक्षा ते कुठे आहे याला महत्त्व, हे त्यांना कळत होतं. मला मात्र ते कळायला चाळीस वर्षं, एक कोर्स आणि नऊ किलो शिसं लागलं.

"बुडत्याचा पाय खोलात" ही म्हण रचणारा माणूस पाण्याजवळचा असला पाहिजे. कारण हे निव्वळ शास्त्र आहे. माणसाच्या छातीत फुप्फुसांच्या दोन पिशव्या, हवेने भरलेल्या. पायांत हाडं आणि स्नायू, हवेचं नाव नाही. म्हणजे देवाने माणूस घडवतानाच त्याला पाण्यात उभं राहण्याची शिक्षा सुनावलेली. त्यात पायात रबरी फिन चढवले, त्यांचं वजन वेगळं. उरलंसुरलं शाळेने केलं. "सावधान! ताठ उभा राहा!" दहा वर्षं पी.टी.च्या सरांनी हेच शिकवलं. डोकं वर, पाय खाली ही माणसाची शेवटपर्यंत न सुटणारी सवय आहे. घाबरला की तो आधी पाय टेकायला जागा शोधतो. पाण्यात मी घाबरलो की माझे पाय आपोआप जमीन शोधत खाली जायचे. एरवी घरी पाय जमिनीवर ठेवा असं सगळे सांगत असतात. इथे चोवीस वर्षांचा पोरगा पाटीवर लिहून दाखवत होता, "पाय वर."

मासे या भानगडीतून फार पूर्वी सुटले. बहुतेक माशांच्या पोटात वाताशय असतो, हवेची छोटी थैली. तिच्यातली हवा कमीजास्त करून मासा हव्या त्या खोलीवर तरंगत राहतो. मोरीला मात्र वाताशय नसतो. ती भलंमोठं तेलकट यकृत बाळगते आणि पोहत राहते. मालवणीत मोरी म्हणजे छोटा शार्क, आणि तिचं मटण मी त्याच रात्री खाल्लं, पण ते अभ्यास म्हणून नव्हे. यकृताच्या तेलावर तरंगणं मला पटण्यासारखं होतं. चरबी पाण्यापेक्षा हलकी. म्हणजे माझं पोट, ज्याबद्दल मी इतकी वर्षं ऐकून घेतलं, ते खरं तर उत्तम तरंगणारा ऐवज आहे. फक्त ते नेमकं मध्यावर असल्यामुळे तराजूच्या काट्याचं काम करतं. छाती एका पारड्यात, पाय दुसऱ्यात, आणि पोट निर्विकार.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी माझं वजन करायला घेतलं. काठापाशी, नळकांड्यात हवा जवळजवळ संपत आलेली असताना. जॅकेट रिकामं करायचं, हातपाय न हलवता उभं राहायचं आणि नेहमीसारखा श्वास भरून धरायचा. पाणी डोळ्यांच्या पातळीला आलं पाहिजे. श्वास सोडला की डोकं हळूच पाण्याखाली गेलं पाहिजे. एवढं झालं की शिसं बरोबर. डोळ्यांपाशी पाणी लागेपर्यंत एकेक ठोकळा काढत गुरुजी सहावर आले आणि विजयी मुद्रेने बघू लागले. काल त्यांनी सहाच म्हटलं होतं.

हवा संपत आलेली असताना का? कारण हवेला वजन असतं, हे शाळेत वाचलेलं वाक्य इथे पाठीवर बांधून मिळतं. अकरा लिटरच्या नळकांड्यात दोनशे बार दाबाने साधारण बावीसशे लिटर हवा कोंबलेली असते. तिचं वजन अडीच किलोच्या वर भरतं. डायव्ह संपेपर्यंत त्यातली बरीचशी आपण पिऊन टाकलेली असते. अॅल्युमिनियमचं नळकांडं तर शेवटी इतकं हलकं होतं की ते स्वतःच वर तरंगायला बघतं. तेव्हा वजन ठरवायचं ते निघतानाचं नव्हे, परततानाचं. त्याशिवाय गोड्या पाण्याच्या तलावात केलेला हिशोब समुद्रात चालत नाही. खारं पाणी अडीचएक टक्क्यांनी जड, त्यामुळे माझ्यासारख्या ऐवजाला सामानासकट दोन-अडीच किलो शिसं जास्त लागतं.

वजनाचा प्रश्न सुटला. पाय मात्र खालीच.

मग चौथ्या दिवशी गुरुजींनी जे केलं ते पाहून मला आमचं हापीस आठवलं. त्यांनी माझ्या पट्ट्यातले दोन ठोकळे काढले आणि नळकांड्याच्या वरच्या पट्ट्याला, खांद्यांच्या मागे अडकवले. एकूण वजन सहा किलोच. एक ग्रॅम कमी नाही की जास्त नाही. फक्त दोन ठोकळ्यांची कमरेतून खांद्यावर बदली. नळकांडंही चार बोटं वर सरकवलं, थोरल्या काकांनी डबा सरकवला होता तसंच. नुसती बदली करून अख्खं खातं सुरळीत चालू लागलेलं मी एकतीस वर्षांत एकदाही पाहिलेलं नाही. इथे पाहिलं.

"आता खाली गेल्यार काय करू?" मी विचारलं. चार दिवसांत माझी जीभ तेवढी मालवणी झाली होती.

"काय्येक करू नकात," गुरुजी म्हणाले.

हे सगळ्यांत कठीण. पाण्यात शिकाऊ माणूस ओळखायचा तो हातांवरून. हात सतत वल्ह्यासारखे चालू, जणू गर्दीतून वाट काढतोय. जाणकाराचे हात देवळात बसल्यासारखे पुढ्यात जुळलेले. आणि पाय मारायचे ते बेडकासारखे. गुडघे दुमडून, तळवे मागे ढकलून, मग थांबायचं. सायकल मारल्यासारखे वरखाली पाय मारले की तळाची सगळी वाळू उठते. मी पहिले तीन दिवस हेच केलं होतं. माझ्या मागे ही असायची. "अख्ख्या समुद्राचा केर काढत होतात," हे तिचं मत. वाळूचं एक वेळ ठीक आहे, थोड्या वेळाने बसते. पण उभा डायव्हर प्रवाळावर फिन आपटतो तेव्हा एका लाथेत मोडतं ते भरून यायला वर्षं लागतात. मालवणच्या पाण्यात प्रवाळ आहे, १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्यही आहे. ट्रिम हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही, हे गुरुजींनी फक्त याच एका वेळी आवाज चढवून सांगितलं.

बारीक चढउतार करायचा तो श्वासाने. श्वास भरला की फुप्फुसं फुगतात, माणूस वर सरकतो; सोडला की खाली. पण लगेच नाही. मधे दोनेक सेकंद जातात. मी श्वास घ्यायचो, काही झालं नाही असं वाटून आणखी घ्यायचो, आणि तेवढ्यात पहिल्या श्वासाचा निकाल लागायचा. अर्ज केल्यावर वाट बघावी, रोज खेपा घालू नयेत. श्वास रोखून धरणं मात्र पूर्ण बंद. वर येताना रोखलेली हवा फुप्फुसात फुगते आणि ती थट्टा नाही. १९४३ साली फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्यां या जोडीने अॅक्वालंग बनवला तेव्हा हे फुगणारं जॅकेट नव्हतंच. ती मंडळी शिशाचा पट्टा आणि फुप्फुसं एवढ्यावर भागवायची. गुरुजींनी हे मला सांगितलं ते बटणावरचा माझा अंगठा पाहून.

शेवटची डायव्ह. बोट सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पलीकडे गेली. उतरलो. अकरा मीटर. जॅकेटात दोन फुंका हवा, एवढीच. पाय मारायचे थांबवले आणि वाट बघितली, आता पाय खाली जातील. गेले नाहीत. गुडघे दुमडले. हात जुळवले. श्वास सोडला, दोन सेकंदांनी वीतभर खाली. घेतला, दोन सेकंदांनी वीतभर वर. खाली वाळूत एक पाकट बसलं होतं, चपटं, अंगावर वाळू ओढून घेतलेलं, नुसते डोळे बाहेर. मी त्याच्या हातभर वर, त्याच्याइतकाच सपाट. ते उठलं नाही. पहिल्यांदाच एक मासा मला बघून पळाला नव्हता. चाळीस सेकंद तरी हे चाललं असेल. पाकटाच्या डोळ्यामागचं भोक उघडमीट होताना मला दिसत होतं.

इतक्यात गुरुजी समोर आले आणि त्यांनी बोटाने गोल करून विचारलं, ठीक?

मला इतका आनंद झाला होता की गोल बोट मला फारच कोरडं वाटलं. मी दोन्ही हातांचे अंगठे वर करून दाखवले.

ज्यांनी कोर्स केलाय त्यांनी इथे कपाळावर हात मारला असेल. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे "झकास" नव्हे. अंगठा वर म्हणजे "मला वर जायचंय". हे पहिल्या दिवशी पहिल्या तासाला शिकवतात. आणि एकाने अंगठा दाखवला की चर्चा नाही, सगळ्यांनी वर निघायचं. मी तर दोन दाखवले होते. गुरुजींनी माझा दंड धरला, हिला खूण केली आणि आमची वरात निघाली. पाकट तिथेच बसून राहिलं. माझ्या काट्यावर दीडशे बार शिल्लक होते.

पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं. हा थांबा शरीरात मुरलेला नायट्रोजन निघून जावा म्हणून. थांबलो. आणि तिथे मी गुरुजींना समजावून सांगायला लागलो की तसं नाही हो, मला छान वाटत होतं, मला खाली जायचंय, ते पाकट. हे सगळं हातांनी. हात हलायला लागले तसे पाय खाली गेले. पाय खाली गेले तसा मी उभा राहिलो. आणि त्या तीन मिनिटांत काम नसल्यामुळे गुरुजींनी खिशातून कॅमेरा काढला.

बोटीवर चढल्यावर हिने मुखवटा काढला. "अहो, काय झालं? दम लागला का?"

"नाही. फार छान वाटत होतं."

ती बघत राहिली. मग म्हणाली, "पाण्यात काही बोलायचं नाही म्हणून मी आले होते. तिथेही तुम्ही बोललातच."

गुरुजी कॅमेरा पुसत होते. मी विचारलं, त्या पाकटाच्या वेळचं काही घेतलंय का.

"तेव्हा नाय घेतला, काकानू," ते म्हणाले. "तेव्हा तुमी झोपलात असाच वाटला माका. म्हणून तर इचारूक इलंय."